जुना रंधा घेताना

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांमध्ये सुतारांच्या पेट्या आता माळ्यावरून खाली येऊ लागल्या आहेत. बैलगाड्या गेल्या, लाकडी नांगर गेला, खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या आणि फर्निचर प्लायवूडचे. प्लायवूडला रंधा लागत नाही, आणि जिथे लागतो तिथे विजेचा रंधा फिरतो. ज्या हातांनी सागाचे वासे, दाराच्या चौकटी, पाळणे आणि देव्हारे घडवले ते हात थकले. मुले आटगाव-आसनगावच्या कारखान्यांत नाहीतर कल्याण-ठाण्याला नोकरीला लागली. खंडेनवमीला पेटी उघडायची, हत्यारांना हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा बंद करायची, एवढाच तिचा उपयोग उरला. मग एखाद्या उन्हाळ्यात घर दुरुस्तीला निघते आणि पेटीतले लोखंड किलोच्या भावाने भंगाराच्या टेम्पोत चढते.

त्या लोखंडात बऱ्याचदा एखादा उत्तम रंधा असतो आणि तो वितळायला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. नव्याने सुतारकाम शिकणारा मुलगा, घरचे स्टूल-टेबल स्वतः करू पाहणारा हौशी माणूस, शाळेच्या कार्यशाळेसाठी हत्यारे गोळा करणारे शिक्षक, या सगळ्यांना असा रंधा हवा असतो; फक्त घेताना काय पाहायचे ते ठाऊक नसते. बहुतेकजण आधी नाव वाचतात. नाव शेवटी वाचावे. आधी तोंड पाहावे, मग तळ, मग पाते. तोंड फुटलेल्या शेफील्डच्या रंध्यापेक्षा अंग शाबूत असलेला जालंधरचा बिननावी रंधा कधीही बरा.

कुठे शोधायचा

सुरुवात गावातूनच करावी. सुताराचे घर, लाकडाची वखार, सॉ मिल, जुने ठेकेदार यांच्याकडे तर विचारावेच, पण आठवडी बाजारात विळे-कोयते घेऊन बसणाऱ्या लोहारालाही विचारावे. पात्याला पाणी द्यायला, खराब झालेले पाते पुन्हा घडवायला सुतार लोहाराकडेच येत, त्यामुळे कोणत्या घरात कोणती हत्यारे पडून आहेत हे त्याला पुष्कळदा माहीत असते. पौष पौर्णिमेपासून मुरबाड तालुक्यातल्या म्हसेची यात्रा भरते तेव्हा जनावरांच्या बाजाराला दूरदूरच्या गावांची माणसे येतात. रंधा तिथे मांडलेला दिसला नाही तरी चौकशीसाठी त्याहून चांगली जागा नाही.

भंगारवाल्याशी ओळख करून ठेवावी. मुंबई-नाशिक रस्त्याच्या कडेला भंगाराची दुकाने आहेत. बिडाचा रंधा आला तर बाजूला ठेवा, किलोच्या भावापेक्षा जास्त देईन, एवढे एकदा सांगून आपला नंबर ठेवून यावा. मालकापेक्षा माल निवडणाऱ्या पोऱ्याला रंधा कसा दिसतो ते मोबाइलवर दाखवावे, कारण लोखंड आधी त्याच्याच हातात पडते.

मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर जुनी हत्यारे मिळतात आणि शुक्रवारी पहाटे रस्त्यावर मांडणारेही असतात. तिथल्या दुकानदारांना नावांची किंमत बरोबर कळते, म्हणून स्वस्तात काही मिळेल ही आशा ठेवू नये. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे माल मिश्र असतो आणि घासाघीस करायला वाव असतो. रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजे तोडण्याचा धंदा जुना आहे, त्या बाजूच्या दुकानांत जहाजावरची सुतारी हत्यारेही कधी हाती लागतात.

पण यांपैकी कुठेही जाण्याआधी एक फेरी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या नव्या हत्यारांच्या बाजारात करावी. कसारा लोकलने सीएसएमटीला उतरले की पायी जाता येते. तिथे नवा चौदा इंची लोखंडी रंधा हातात घ्यावा, पाते कमी-जास्त करणारी चक्री फिरवून पाहावी, पाते काढून बसवून पाहावे आणि भाव विचारावा. नव्याचा भाव माहीत नसताना जुन्याचा सौदा करू नये.

आकडे आणि मापे

लोखंडी रंध्यांचे क्रमांक जगभर जवळपास सारखेच आहेत, कारण आराखडा मुळात एकाचा. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराने पाते कमी-जास्त करण्याची यंत्रणा रंध्याच्या पोटातच बसवली. 1869 साली त्याचे पेटंट हक्क कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन इथल्या स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने घेतले आणि पुढे इंग्लंडपासून जालंधरपर्यंत सगळ्यांनी तोच सांगाडा उचलला. 3 नंबरचा रंधा सुमारे 8 इंची, 4 नंबरचा 9, 5 नंबरचा 14, 6 चा 18, 7 चा 22 आणि 8 चा 24 इंची.

पहिला रंधा 5 नंबरचाच घ्यावा. आपले मिस्त्री त्याला जॅक रंधा म्हणतात. खडबडीत फळी उतरवायची असो, फुगलेले दार घासायचे असो की चौकटीची कड सरळ करायची असो, हा सगळीकडे चालतो. शेवटचा हात फिरवून फळी गुळगुळीत करायला 4 नंबरचा, आणि दोन फळ्यांचा सांधा जुळवायला 7 नंबरचा. 7 नंबरचा मोह पुष्कळांना होतो, कारण तो दिसतो रुबाबदार. पण तो जड असतो आणि त्याचा लांब तळ सरळ करून घेणे हे नवख्याचे काम नाही.

पात्याची रुंदीही मोजून घ्यावी. 4 आणि 5 नंबरला दोन इंची पाते लागते, ते कोणत्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात नवे मिळते. 6 आणि 7 ला दोन इंच तीन सुताचे लागते, ते शोधावे लागते. या मोठ्या रंध्यांचे पाते झिजून संपले असेल तर किंमत पाडून मागावी.

हातात घेतल्यावर

जाताना पिशवीत एक पोलादी पट्टी, स्क्रू ड्रायव्हर, जुन्या बारीक कानशीचा तुकडा, फडके, थोडे डिझेल आणि सागाच्या फळीचा हातभर तुकडा असावा. टॉर्च मोबाइलमध्ये असतोच. रंधा पूर्ण उघडून पाहायचा आहे हे आधीच सांगावे. विकणारा उघडू देत नसेल तर तो रंधा कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.

पाते दाबून धरणारी लिव्हर कॅप उचलली की पाते आणि त्यावर स्क्रूने आवळलेली पोलादी टोपी, म्हणजे कॅप आयर्न, एकत्र बाहेर येते. खाली तिरका बिडाचा ठोकळा दिसतो, त्याला फ्रॉग म्हणतात. त्याचे दोन स्क्रू सोडवले की उरते नुसते अंग. हे अंग म्हणजेच रंधा. बाकी सगळे बदलता येते.

बीड ठिसूळ असते. रंधा बाकावरून फरशीवर पडला की वाकत नाही, तडकतो. तडा बहुधा तोंडाच्या दोन कोपऱ्यांतून निघून बाजूच्या भिंतीत चढतो. मुठीच्या स्क्रूभोवती, शेवटच्या टोकाला आणि भिंतीच्या वरच्या कडेलाही तो असतो. गंज आणि तेलाच्या थराखाली तो झाकला जातो, म्हणून संशयाच्या जागी डिझेलचे फडके फिरवून पुसून काढावे. तडा असेल तर त्यात शिरलेले डिझेल थोड्या वेळाने बारीक रेघेसारखे पुन्हा वर येते. पिवळी रेघ दिसली तर ती पितळी डाकाची, म्हणजे दुरुस्ती झालेली आहे. ताजा रंग दिसला तर तळ उलटा करून आतून टॉर्च मारावा. मडके घेताना आपण टिचकी मारतो तसे उघड्या अंगाला एका टोकाला धरून लाकडी दांड्याने हलके वाजवावे. सगळे भाग काढलेले असले पाहिजेत, नाहीतर सैल स्क्रूचाच आवाज येतो. शाबूत अंग खणखणीत वाजते, तडकलेले बद्द. केवळ या चाचणीवर विसंबू नये, पण बद्द आवाज आला की नजर पुन्हा एकदा सगळीकडून फिरवावी.

आता तोंड. पाते ज्या फटीतून खाली येते तिची पुढची कड सरळ आणि अखंड हवी. तिथून कपचा उडाला असेल तर पातळ साल काढताना लाकूड त्या जागी उचकटणार. जॅक रंध्याने फक्त खडबडीत उतरवायचे काम करायचे असेल तर छोटा कपचा चालतो. 4 नंबरच्या रंध्याला मात्र चालत नाही. फट रुंद दिसली तर फ्रॉग पुढे सरकवून ती लहान होते का पाहावे. फ्रॉग पुढे आणूनही ती दीड-दोन मिलिमीटरपेक्षा बरीच मोठी राहत असेल, तर कुणीतरी कानस मारून तोंड मोठे केलेले आहे किंवा तळ ग्राइंडरवर घासून घासून पातळ केलेला आहे. आरशासारखा चमकणारा तळ पाहून खूश होऊ नये, उलट तिथे जास्त वेळ थांबावे.

तळ सरळ आहे का ते पाहायला पट्टी कडेवर उभी धरून मागे उजेड ठेवावा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत पाहावे. पुढचे टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचे टोक ही तीन ठिकाणे पट्टीला टेकत असतील आणि मधे केसभर पोकळी असेल, तर रंधा उत्तम काम देतो. तोंडाचाच भाग वर उचललेला असेल तर तो रंधा पातळ साल कधीच काढणार नाही; तो काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सुधारावा लागेल, आणि 14 इंची तळ घासणे हे कित्येक तासांचे काम आहे. पीळ पाहायला दोन सारख्या सरळ काड्या टोकांना आडव्या ठेवून एका डोळ्याने बघावे. पीळ जास्त असेल तर घेऊ नये.

गंजाला लोक उगाच घाबरतात. लालसर, वरवरचा गंज दोन तासांत जातो. नखाला लागणारे खड्डे मात्र वेगळे. ते अंगावर असतील तर फक्त दिसायला वाईट. पात्याच्या सपाट बाजूला, धारेजवळ असतील तर धार प्रत्येक खड्ड्यापाशी तुटणार. पात्याची सपाट बाजू पुसून धारेपासून पाऊण इंचापर्यंत नीट पाहावी.

पाते किती उरले हेही तिथेच कळते. पात्याच्या मधल्या खाचेपासून धारेपर्यंतचे अंतर बघावे. ते बोटभरसुद्धा नसेल तर पाते संपलेले आहे असे धरून भाव करावा. मग कानशीचा तुकडा धारेच्या उतारावर हलकेच ओढावा. चांगले पाणी दिलेल्या पोलादावर कानस घसरते, मऊ पोलादावर ती लगेच चावते. धारेजवळ निळा-जांभळा पट्टा दिसला तर कुणीतरी ग्राइंडरवर पाते तापवून त्याचे पाणी उतरवले आहे. तेवढा भाग झिजवून टाकला तरच खाली कडक पोलाद मिळेल.

आपल्या भागासाठी ही पोलादाची गोष्ट फार महत्त्वाची आहे. शहापूरच्या जंगलपट्ट्यात साग अजूनही सुताराचे मुख्य लाकूड, आणि सागाच्या लाकडात सिलिका असते. वाळूतही हाच पदार्थ असतो. साग कापायला मऊ वाटतो, पण धार खातो. ऐन आणि खैर तर कडकच. मऊ पात्याने सागाची एक चौकट उतरवेपर्यंत तीनदा दगडाकडे जावे लागते. जुन्या पात्यांना सुतार जपत त्याचे कारण हेच.

उरलेल्या भागांत सगळ्यांत जास्त लक्ष स्क्रूंकडे द्यावे, आणि हे फारसे कुणी सांगत नाही. जुन्या स्टॅन्लेच्या स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे होते. ते माप बाजारातल्या नट-बोल्टमध्ये मिळत नाही. फ्रॉगचा एक स्क्रू हरवला असेल तर तसाच दुसरा मोडका रंधा मिळेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर खराद्याकडून करून घ्यावा लागतो. म्हणून प्रत्येक स्क्रू आहे का, त्याची खाच शाबूत आहे का, तो फिरतो का हे मोजून पाहावे. पितळी चक्रीला बहुतेक रंध्यांत उलटे आटे असतात, तेव्हा ती फिरत नाही म्हणून जोर लावू नये. चक्री फिरवताना सुरुवातीला अर्धा-एक फेरा रिकामा जाणे स्वाभाविक आहे. तिच्यात अडकणारा दोन शिंगांचा काटा आत असतो. त्याचे एखादे शिंग मोडलेले नाही ना, ते पाहावे.

मूठ तुटलेली असेल तर आनंद मानावा. तुटकी मूठ रंध्याचा भाव पाडते आणि काम काहीच बिघडवत नाही. शिसवीच्या तुकड्यातून नवी मूठ कोणताही सुतार कापून देईल.

नाव वाचणे

अंग, तोंड, तळ, पाते एवढे पाहून समाधान झाले की मग शिक्के वाचावेत. पुढच्या टोकावर, फ्रॉगच्या मागे, लिव्हर कॅपवर आणि पात्याच्या वरच्या भागावर अक्षरे असतात.

फ्रॉगच्या मागे 1902 ची दोन आणि 1910 ची एक अशा पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या असतील तर अंग साधारण 1910 ते 1918 च्या काळातले अमेरिकन स्टॅन्ले आहे. फ्रॉग मागे-पुढे करणारा छोटा स्क्रू 1907 च्या सुमारास आला. तो नसेल तर रंधा त्याआधीचा किंवा स्वस्त मालिकेतला. पात्यावर बदामाच्या आकारात कंपनीची अक्षरे असली तर पाते साधारण 1920 ते 1935 मधले. लिव्हर कॅपचे भोक किल्लीच्या भोकासारखे असेल तर ती बहुधा 1933 पूर्वीची, मूत्रपिंडाच्या आकाराचे असेल तर नंतरची. मात्र शंभर वर्षांत एका रंध्याचे पाते, दुसऱ्याचा फ्रॉग आणि तिसऱ्याचे अंग असे झालेले रंधे पुष्कळ आहेत. एका खुणेवरून वय ठरवू नये. तीन-चार खुणा एका काळाकडे बोट दाखवत असतील तरच रंधा मूळचा मानावा. काम करायचे असेल तर जोडरंधाही चालतो, फक्त फ्रॉग अंगावर न हलता बसतो का ते पाहावे.

आपल्याकडे अमेरिकन रंध्यांपेक्षा इंग्लंडचे जास्त सापडतात. स्टॅन्लेने 1930 च्या दशकात शेफील्डला कारखाना घेतला, त्यांच्या रंध्यांवर मेड इन इंग्लंड असे ओतलेले असते. शेफील्डच्याच सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा रेकॉर्ड हा रंधा 1931 पासूनचा. त्याच्या क्रमांकाआधी शून्य असते, म्हणजे 04, 05, 07, आणि रंग बहुधा निळा. रेकॉर्डचे जुने अंग भरीव आणि विश्वासाचे असते. जालंधरचा अनंत आणि ग्रोझ ही भारतीय नावे जुन्या पेट्यांत वरचेवर भेटतात, आणि त्यांच्याबरोबर जालंधरचेच कित्येक बिननावी रंधे. या रंध्यांत फ्रॉगची बैठक खडबडीत राहिलेली असू शकते. ती कानशीने जुळवून घेता येते, आणि पाते मऊ निघाले तर बदलता येते. शिकणाऱ्याने यांना कमी लेखू नये.

एक अपवाद लक्षात ठेवावा. पोलादी पेटीसारखे अंग, आत शिसवी लाकूड ठासून भरलेले, आकाराच्या मानाने फार जड, आणि त्यावर लंडनच्या नॉरिसचे किंवा स्कॉटलंडमधल्या एअर गावच्या स्पायर्सचे नाव असा रंधा हाती आला, तर त्याला घासू नये, रंगवू नये, सुटे करू नये. तसे रंधे जगभरचे संग्राहक शोधत असतात. आधी जाणकाराला दाखवावा.

लाकडी रंधे

सुताराच्या पेटीत लोखंडी एक असेल तर लाकडी चार असतात. ठोकळा बाभळीचा, शिसवीचा किंवा सागाचा, कधी विलायती बीच लाकडाचा. यांच्याकडे लोक ढुंकूनही पाहत नाहीत, आणि म्हणूनच इथे खरा माल मिळतो. पाचर काढून पाते बाहेर घ्यावे. जुने पाते धारेकडे जाड आणि वर निमुळते असते, लोखंडी रंध्याच्या पात्याच्या दुप्पट जाड. त्यावर वॉर्ड, मार्पल्स, सॉर्बी, मॅथिसन यांपैकी नाव आणि कास्ट स्टील असा ठसा असेल, तर ठोकळा चिरलेला असला तरी नुसत्या पात्यासाठी तो घ्यावा. मुशीत वितळवलेल्या या पोलादाची पद्धत बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात शेफील्ड भागात आणली, आणि सागावर ते पोलाद आजही टिकून चालते.

ठोकळ्यात पाचर टेकते त्या दोन गालांपाशी चीर पाहावी. पाचर ठोकून ठोकून तिथेच लाकूड फाटते. किड्याची भोके दिसली तर ठोकळा पांढऱ्या कागदावर आपटावा. ताजे पीठ पडले तर कीड जिवंत आहे, तो रंधा घरातल्या इतर लाकडाजवळ नेऊ नये. तळ झिजल्यामुळे तोंड मोठे झालेले असते, पण तिथे कडक लाकडाची पट्टी बसवून ते पुन्हा लहान करता येते. काही लांब रंध्यांना पुढच्या बाजूला आरपार भोक असते, ते मोडतोडीचे समजू नये. आडवी दांडी घालून समोरून दुसऱ्याने ओढण्यासाठी ते असते.

कंगोरे काढायचे, गोल आणि खोलगट तळाचे अरुंद रंधे दिसले तर सगळे एकत्र मागावेत. गोलाला जुळणारा खोलगट सोबत असला तर दोघांचे काम होते. एकेकटे विकले गेले की जोडी पुन्हा जुळत नाही. पात्याची धार तळाच्या आकाराशी जुळते का ते डोळ्यासमोर धरून पाहावे.

भाव आणि वागणूक

भावाचा तळ भंगाराच्या वजनाने ठरतो आणि कमाल नव्या भारतीय रंध्याच्या किमतीने. या दोघांच्या मधे कुठेतरी सौदा व्हावा. शाबूत अंगाचा, पाते उरलेला, स्क्रू पूर्ण असलेला इंग्लिश किंवा अमेरिकन रंधा नव्या भारतीय रंध्याइतका मोलाचा आहे. गंजलेला पण शाबूत, निम्म्यापर्यंत. तोंड फुटलेला, फक्त सुट्या भागांसाठी.

पण समोर भंगारवाला किंवा दुकानदार असेल तरच घासाघीस. सुताराच्या घरी, त्यांच्या बायकोकडून किंवा मुलाकडून घेत असाल तर त्यांना वस्तूची खरी किंमत आधी सांगावी. काकी, हा इंग्लंडचा रंधा आहे, भंगारात याचे इतके येतील, बाजारात इतके, मी इतके देतो, असे स्पष्ट बोलावे. त्या घराने ज्या हत्यारावर संसार चालवला त्याचा भाव त्यांच्या अजाणतेपणावर ठरवणे मला मान्य नाही. शिवाय अशा घरातून एक रंधा सरळपणे घेतला की माळ्यावरची दुसरी पेटीही तुम्हालाच दाखवली जाते, आणि हा रंधा कोणी, कशासाठी वापरला तेही सांगितले जाते. कुणाचे मन होत नसेल तर आग्रह धरू नये.

रोजंदारीवर काम करणाऱ्या तरुण सुताराने खिशातले पैसे घालण्याआधी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि नोंदणी झालेल्या कारागिराला हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. नवी हत्यारे त्यातून घ्यावीत आणि जुना रंधा सवडीने शोधावा.

शिक्क्यांबद्दल एक इशारा रेल्वेमार्गावरच्या गावांसाठी. हत्यारावर जी.आय.पी.आर. ही अक्षरे असतील तर ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे. ही रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत विलीन झाली. इतका जुना शिक्का बहुधा लिलावातून बाहेर पडलेल्या मालाचा असतो. पण मध्य रेल्वेचा किंवा एखाद्या सरकारी कारखान्याचा शिक्का असलेले, चांगल्या स्थितीतले हत्यार कुणी रस्त्यात काढून दाखवले तर हात लावू नये. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा 1966 चा कायदा कडक आहे. माल रीतसर मिळवला हे ज्याच्याकडे सापडतो त्यालाच सिद्ध करावे लागते. भंगारवाल्याकडून घेताना साधी पावती, निदान तारीख आणि सहीची चिठ्ठी घ्यावी.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी वायर ब्रश लावलेले ग्राइंडर काढू नये. सगळे भाग सुटे करून डिझेलमध्ये रात्रभर ठेवावेत, मग फडक्याने पुसावेत. उरलेल्या गंजासाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे सायट्रिक ॲसिड घालून लोखंडी भाग काही तास बुडवावेत, अधूनमधून बाहेर काढून घासावेत. लाकडी मूठ त्यात कधीही टाकू नये. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे आणि तेलाचे बोट फिरवावे, कारण ओले राहिलेले लोखंड डोळ्यांदेखत पुन्हा लाल होते. आतला काळा मुलामा टिकलेला असेल तर तो खरवडू नये.

तळ घासायचा असेल तर फ्रॉग आणि पाते जागेवर बसवून, लिव्हर कॅप नेहमीइतकी आवळून, पाते आत ओढून घासावा. ताण असताना अंग जसे बसते तसाच तळ सरळ व्हायला हवा. पात्याची सपाट बाजू आधी दगडावर घ्यावी, मग 25 ते 30 अंशांत धार. ग्राइंडर वापरलाच तर पाते दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावे. कॅप आयर्नची कड पात्याला सगळीकडे चिकटून बसली पाहिजे. तिथे उजेड दिसत असेल तर साल आत अडकते आणि माणूस उगाच पात्याला दोष देतो. सागाच्या उलट्या रेषेवर काम करताना ही कड धारेपासून मिलिमीटरभरच मागे ठेवावी.

पावसाळा हा रंध्याचा खरा शत्रू. शहापूर-मुरबाडच्या पावसात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या लोखंडावर गंज धरतो. शिलाई मशिनचे तेल लावून रंधा कोरड्या सुती फडक्यात गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो, वर्तमानपत्र ओल शोषते. खोबरेल लावण्याची सवय आहे, पण ते थंडीत गोठते आणि जुने झाले की चिकट होते. जवसाचे तेलही लोखंडावर नको, लाकडी ठोकळ्यावर मात्र ते उत्तम. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवावीत. लाकडी रंध्याची पाचर पावसाळ्यात फुगून गालांना ताण देते, म्हणून मृग नक्षत्राआधीच ती सैल करून ठेवावी, आणि घट्ट ठोकायची ती काम काढल्यावरच.